ढिली मूठ

शाप वगैरे काही नव्हता. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे शापित तलवारीची गोष्ट वाचायला जे बसले असतील त्यांनी पान उलटावं, पुढे पाककृती असतीलच. या दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "जरा गूढ ठेवा हं, वाचकांना आवडतं." बाई, माफ करा. या गूढापायी एक माणूस गेला, एकाचा हात गेला आणि एका मुलीच्या नावाला काळिमा लागला. मला त्यात काडीचीही गंमत दिसत नाही.

मी हमीद शिकलगार. नारायण पेठेत चाळीसेक वर्षं मी धारेचं दुकान चालवलं, त्याआधी ते अब्बांचं होतं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा. हत्यारं म्हणजे मुख्यतः विळ्या, कात्र्या आणि सुऱ्या. पेठेतल्या एक काकू विळी काउंटरवर ठेवायच्या आणि "मागच्या खेपेला धार दोन महिने टिकली होती, आठवण म्हणून सांगते" एवढंच बोलून चालत्या व्हायच्या. ती तक्रार होती की कौतुक, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दसऱ्याच्या आधी मात्र दुकानाचं रूप पालटायचं. कपड्यात गुंडाळलेल्या तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती यायची, आणि एरवी रस्त्यात ओळख न दाखवणारी मोठमोठ्या घरांतली माणसं "अहो हमीदभाई" म्हणत बाकड्यावर येऊन बसायची.

तलवारीबद्दल थोडं सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. लोकांना वाटतं तलवार म्हणजे एक सलग वस्तू. तसं नसतं. पातं वेगळं, मूठ वेगळी. पात्याच्या मागे तीन-चार बोटं शेपटी असते. ती पोकळ मुठीत घालायची आणि मधल्या जागेत लाख वितळवून ओतायची. लाखेत विटेची भुकटी मिसळली की ती आवळून बसते. चांगली बसली तर एक पिढी हलत नाही. पण लाख वाळते, तिला तडे जातात, शेवटी तिचा भुगा होतो. मग मूठ तुमच्या हातात आणि पातं देवाच्या भरवशावर. दुरुस्ती सोपी आहे. मूठ बेताबेताने तापवा, पातं ओढून काढा, जुनी लाख खरवडा, नवी भरा. अर्ध्या दिवसाचं काम. मूठ ढिली आहे की नाही, हे ओळखायला तर अर्धं मिनिटही लागत नाही. मूठ धरून मनगटावर दुसऱ्या हाताची बुक्की मारायची. घट्ट असेल तर पातं खणकन वाजतं, ढिली असेल तर आतून खुळखुळ ऐकू येते.

ही तलवार पहिल्यांदा आमच्या दुकानात आली तेव्हा मी शाळेत होतो. मावळातल्या एका देशमुखांची. पातं तीनेकशे वर्षांचं असावं. त्याला मालक किती झाले, कुणास ठाऊक. कुणी लढाईत हिसकावली असेल, कुणाला लग्नात मिळाली असेल. ते सगळे मेले, कारण माणसं मरतात. देशमुखांच्या गावातल्या लोहाराने मूठ सैल झाली म्हणून ती सरळ भट्टीत कोंबली होती आणि वरच्या सोन्याच्या तारेची पार वाट लावली होती. अब्बांनी दोन महिने मान मोडून ती नक्षी पुन्हा बसवली. तलवार परत देताना त्यांनी देशमुखांना आण घातली : "ही मूठ पुन्हा कुणी उघडली, तर उघडणाऱ्याचा आणि उघडायला लावणाऱ्याचा वंश बुडेल."

आण घालायची आमच्या धंद्यात पद्धतच होती. आपल्या कामाला दुसऱ्या कुणा आडदांडाने हात लावू नये, म्हणून जुने कारागीर असं काहीबाही बोलून ठेवायचे. आता मिक्सरवर स्टिकर असतं ना, सील तोडल्यास कंपनी जबाबदार नाही, तसंच ते. अब्बांच्या मनात होता तो लोहार. देशमुखांनी मात्र ते शब्द देवघरात नेऊन ठेवले.

वीस-पंचवीस वर्षं गेली. खंडेनवमीला देशमुखांचा धाकटा भाऊ त्या तलवारीने कोहळा कापायला गेला, पातं मुठीतून सुटलं आणि त्याच्याच मांडीत घुसलं. जखम चिघळून तो गेला. घरात एकमत झालं की कुणीतरी चोरून मूठ उघडली असणार, त्याशिवाय असं होणार नाही. झालं होतं बरोबर उलटं. इतक्या वर्षांत कुणीच उघडली नव्हती, म्हणून तो मेला. पुढे त्या शहाण्यांनी सुटलेलं पातं मुठीत पुन्हा कोंबलं, फटीत चिंधी आणि मेण भरलं, आणि तलवार विकून मोकळे झाले.

अब्बांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. मला जवळ बसवून म्हणाले, "हमीद, माझ्या तोंडून गेलेलं आहे ते. तलवार कुठेही दिसली तरी आधी मूठ उघड. आणि खरं काय ते सांगून टाक." मी हो म्हणालो. नंतर अब्बा गेले.

तलवार विकत घेतली होती जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने. त्याने तिच्यासोबत द्यायला एक छापील कागदच तयार केला. त्यात कुणी राजकन्या होती, दगाफटका होता, आणि शाप घालणारा पुण्यातला एक सिद्धपुरुष शिकलगार होता. अब्बांना सिद्धी प्राप्त होती, असं त्यात लिहिलं होतं. अब्बांना मधुमेह प्राप्त होता. तो कागद वाचून लोक दुकान बघायला यायला लागले. खरं सांगायला माझी जीभ का रेटली नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. बरं वाटत होतं. विळ्या घासणाऱ्या माणसाकडे लोक जरा दबून बघायला लागले, की त्याला बरं वाटतं.

पुढचा मालक खराडीला आयटीत होता, अमेय नावाचा. फ्लॅटच्या भिंतीवर लावायला त्याने तलवार घेतली होती. मुलगा चांगला होता, पण भित्रा. "काका, फुल पॉलिश करा. फक्त हँडल ओपन नका करू. ॲक्च्युअली हिला कर्स आहे, आणि बायको प्रेग्नंट आहे, सो नो रिस्क." वर म्हणाला, दसऱ्यानंतर तलवारीला रक्ताचा घाम फुटतो. मी विचारलं, पूजेत काय काय करता? तर ओलं हळद-कुंकू फासायचं, टोकाला लिंबू खोचायचं आणि तशीच मखमलीत गुंडाळून ठेवायची. अरे बाबा, लोखंडावर महिनाभर लिंबू ठेवलंस तर लाल पाणी गळणार नाही तर काय केशरी दूध गळेल? गंज होता तो. मी पातं घासून दिलं. मुठीला हात लावला नाही. तेव्हा मी मनाशी म्हटलं, भिंतीवर तर टांगायची आहे, कोण फिरवणार आहे. अब्बांना दिलेला शब्द मी असा पहिल्यांदा गिळला.

वर्षभरात अमेयची नोकरी गेली. त्याच्याबरोबर त्या मजल्यावरच्या सगळ्यांचीच गेली. त्या सगळ्यांच्या घरी काय तलवारी होत्या? पण हे त्याला कोण सांगणार. त्याने घाबरून तलवार विश्रांतवाडीतल्या एका मर्दानी खेळांच्या आखाड्याला देऊन टाकली. आखाड्यात मुलं-मुली लाठी, दांडपट्टा, तलवार शिकायची. शिकवणारे कदम वस्ताद. साठीचा सडपातळ माणूस, दांडपट्टा फिरवताना असा दिसायचा की बघणाऱ्याने हातातला चहा विसरावा. माझी त्यांची जुनी ओळख, कारण त्यांची सगळी हत्यारं माझ्याकडेच यायची.

दुकान बंद करण्याआधीचा तो माझा शेवटचा दसरा. वस्ताद स्कूटरवरून आले. मागच्या सीटवर कपड्यात गुंडाळलेली तलवार मांडीवर धरून एक मुलगी बसली होती. मेघा. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, मूळची यवतमाळकडची, वडील कारखान्यात. "माझी सगळ्यात तयार विद्यार्थिनी," असं वस्तादांनी सांगितलं, आणि ती लाजली नाही, नुसती मान हलवली. मला ते आवडलं. आम्ही आत बोलत होतो, ती पायरीवर उभी राहिली.

कापड सोडलं आणि मी तलवार ओळखली. बुक्की मारली. खुळखुळ.

"वस्ताद, मूठ पार ढिली आहे. उघडावी लागेल. उद्या संध्याकाळी देतो."

"मूठ नको हो, हमीदभाई. तुम्हाला माहितीय ना, आण आहे तिला. तुमच्याच वडिलांची."

"मग निदान कुणाच्या हातात देऊ नका. पूजेत ठेवा आणि उचलून ठेवा."

"पूजेतच ठेवणार. फक्त कोहळ्यापुरती फिरवायची. तेवढी धार लावा छानपैकी."

माझ्या ओठावर आलं होतं. वस्ताद, आण खोटी आहे, अब्बांनी लोहाराला घाबरवायला घातली होती, एक माणूस आधीच मेलाय. एवढी तीन वाक्यं. पण समोरचा माणूस माझ्या बापाचं नाव हात जोडून घेत होता. मी म्हणालो, "बरं." आणि धार लावली. चांगली लावली, मन लावून लावली. हे लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, आणि राग काढायला समोर दुसरं कुणी नाही.

खंडेनवमीला आखाड्यात पूजा झाली. कोहळा कापायचा मान वस्तादांनी मेघाला दिला. आखाड्यात मुलीला तो मान मिळाल्याची ती पहिलीच वेळ. तिने तलवार उचलली, वार केला, आणि हात खाली येता येता पातं मुठीतून निसटून समोर उभ्या असलेल्या वस्तादांवर गेलं. त्यांनी तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला. मनगटाच्या शिरा कापल्या गेल्या. हात राहिला, पण मूठ वळत नाही. दांडपट्टा संपला.

मग जे व्हायचं तेच झालं. आखाड्याचे अध्यक्ष आहेत, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी निकाल देऊन टाकला की बाईचा हात लागला म्हणून शाप जागा झाला. कुणीतरी पुढे जाऊन त्या दिवशी तिची पाळी असल्याचं पसरवलं. मेघाला आखाड्यातून काढलं आणि मुलींचा वर्गच बंद केला. बारा मुली होत्या. आणि वस्ताद, ज्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या हातात ती तलवार दिली होती, ते हॉस्पिटलमधून घरी आले आणि तोंड शिवून बसले.

हे सगळं मला कळलं ते मेघाच्या आईकडून. पत्ता विचारत विचारत ती माझ्या घरी आली. साडीचा पदर घट्ट धरून दारातच उभी राहिली.

"मी मेघाची माय जी. माह्या पोरीच्या हातानं पाप झालं म्हणते सगळे. ते पोरगी काही बोलत नाही, जेवत नाही. तुमी तं हत्याराचे जानकार आहा. तुमीच सांगा, पोरीच्या हातानं झालं का जी?"

"नाही," मी म्हणालो. "मुठीमुळे झालं."

"मंग हे तिथं येऊन सांगान का?"

येत्या रविवारी सकाळी येतो म्हणालो. शेगडी, चिमटा, लाख सगळं घेऊन गेलो. आखाड्यात चाळीसेक माणसं जमली होती. हाताला पट्टी बांधलेले वस्ताद खुर्चीत, भाऊसाहेब मधोमध, आणि भिंतीजवळ मेघा नि तिची आई. पातं आणि मूठ दोन्ही वेगवेगळी एका ताटात हळद-कुंकू लावून ठेवली होती. नवी लाख भरायला मी शेगडी पेटवली, वर्तमानपत्र पसरलं, मूठ उलटी धरली आणि आतलं खरवडून बाहेर काढलं. लाखेचा भुगा, मेणाचे खडे, आणि देशमुखांच्या घरातली ती काळी पडलेली चिंधी.

"हा तुमचा शाप," मी म्हणालो. "बघून घ्या. यात मुलीचा हात कुठं दिसतो ते मला दाखवा."

भाऊसाहेब हसले. "हमीदभाई, तुम्ही कारागीर आहात, तुमचा मान आहे. पण आमच्या शस्त्रपूजेतलं तुम्हाला काय कळणार?"

माझं डोकंच फिरलं. "चार पिढ्या तुमच्या शस्त्रांचा गंज आम्ही काढतोय. पूजा तुम्ही वर्षातून एकदा करता, त्यानंतरची घाण आम्ही साफ करतो. आम्हाला कळणार नाही तर कुणाला कळणार?" आणि त्याच भरात मी सगळं सांगितलं. अब्बा, लोहार, सोन्याची तार, आण. "माझा बाप खोटं बोलला होता. त्या खोट्यावर तुम्ही देव्हारा बांधलाय."

मला वाटलं, जिंकलं. मग भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "पोरीला वाचवायला तुम्ही स्वतःच्या बापावर खोटेपणाचा आळ घेताय. मन मोठं आहे तुमचं." चार-पाच जणांनी माना डोलावल्या. खोटं सांगितलं ते तीन पिढ्या पुरलं, खरं सांगितलं ते तीन मिनिटंही टिकलं नाही.

तेवढ्यात मेघा पुढे आली. आवाज चढवला नाही तिने.

"काका, हे झालं तुमच्या वडिलांचं. ते तर आता हयात नाहीत. त्या दिवशी दुकानात तुम्ही आणि सर काय बोललात, ते पण सांगा ना. मी पायरीवरच होते."

मी वस्तादांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. मी काय केलं? शेगडी विझवायला घेतली. चाळीस माणसांसमोर मी खाली बसून निखाऱ्यांवर पाणी शिंपडत राहिलो. मेघा थोडा वेळ थांबली, मग आईचा हात धरून निघून गेली. तिने हे इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. सरांचं नाव खराब होईल म्हणून स्वतःचं होऊ दिलं होतं. आणि आम्ही दोन म्हातारे, एक डोकं खाली घालून, एक राखेत.

म्हणून संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. दिवाळी अंक घरोघरी जातो, आखाड्यातल्या चाळीस जणांपेक्षा लांब जातो. लिहायला बसलो आणि वस्तादांना कळवलं की त्या दिवशीचं सगळं लिहितोय. ते दुसऱ्याच दिवशी आले.

"मेघाचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण अंकात नको, हमीदभाई. मुलं वाचतात."

"कुठली मुलं? मुली तर काढून टाकल्यात तुम्ही."

"मी नाही काढल्या."

"अडवलंत का?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "लिहा. मी सांगतो तसं लिहा." मी वेगळा कागद घेतला. त्यांनी सांगितलं : मूठ ढिली असल्याचं मला दसऱ्याआधी माहीत होतं. शिकलगारांनी सांगूनही मी ती दुरुस्त करू दिली नाही. तलवार मेघाच्या हातात मीच दिली. तिचा यात काहीही दोष नाही. खाली त्यांनी डाव्या हाताने सही केली, बालवाडीतल्या पोराची असते तशी. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता तुमचं."

मी लिहिलं : आण खोटी असल्याचं मला माहीत होतं. अब्बांनी खरं सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. मूठ ढिली असल्याचं कळूनही तलवारीला धार मी लावून दिली.

कागद घेऊन आम्ही दोघं मेघाच्या घरी गेलो. तिच्या आईने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मेघाने उभ्या उभ्या वाचलं, दोनदा वाचलं.

"सर, मी परत येणार नाही," ती म्हणाली. "मला त्या लोकांसमोर लाठी धरायची इच्छाच राहिली नाही. पण बाकीच्या अकरा जणींना यायचंय. त्यांच्या घरचे सोडत नाहीत. हा कागद आखाड्याच्या दारावर लावा. येता-जाता सगळ्यांना दिसू दे."

लावला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाडला. मी हाताने पुन्हा लिहिला, वस्तादांनी पुन्हा सही केली, पुन्हा लावला. तोही फाडला. भाऊसाहेबांचा निरोप आला की हे या वयात शोभत नाही तुम्हाला. मुलींचा वर्ग अजून बंद आहे. आता मी प्रती काढून आणल्या आहेत, पिशवीभर. रोज सकाळी बसने विश्रांतवाडीला जातो. वस्ताद आखाड्याच्या दाराशी खळीचा डबा घेऊन उभे असतात. ते डाव्या हाताने खळ लावतात, मी कागद दाबून धरतो.